रक्त हवं आहे, मग मिळकत कशाला विचारता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझं वय ३८. वडील ४९व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. धाकटे काका ५३व्या वर्षी झोपेतच गेले. गेल्या वर्षी थोरल्या भावाला, वय ४४, झटका आला आणि दोन स्टेंट टाकावे लागले. त्याच्यावर उपचार झाले त्या रुग्णालयात हृदयरोगाच्या जनुकीय आणि सामाजिक कारणांवर संशोधन चालू आहे. भावंडांनीही भाग घ्यावा म्हणून मला १४ पानांचं संमतीपत्र आणि लांबलचक प्रश्नावली दिली आहे. रक्त द्यायला माझी हरकत नाही. पण घरात माणसं किती, महिन्याची मिळकत किती, कर्ज आहे का, आईचं शिक्षण किती, लहानपणी घर कसं होतं, रात्रपाळी करता का (करते, आठवड्यातून तीन), असले प्रश्न वाचून राग आला. आजार रक्तातला आहे का ते शोधायचं, तर माझ्या कर्जाशी यांना काय करायचंय? रकाने कोरे सोडू, की काहीतरी भरून देऊ? आणि मला झटका येणार की नाही, हे यातून कळेल का? मला स्वतःला काही त्रास नाही."

आधी पत्रात नसलेल्या एका आकड्याबद्दल विचारतो. तुमचं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, किती आहे?

वडील किंवा भाऊ ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयरोगानं आजारी पडली तर डॉक्टर त्याला अकाली हृदयरोग म्हणतात. तुमच्याकडे अशी अगदी जवळची दोन माणसं आहेत, काका धरले तर कदाचित तीन. संशोधनाचे निष्कर्ष हाती यायला काही वर्षं जातात. तुमची तपासणी तोवर थांबवायचं काहीच कारण नाही. "काही त्रास नाही" यावरही विसंबू नका, कारण वाढलेलं एलडीएल दुखत नाही.

अशा घरात फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आनुवंशिक विकार आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावं लागतं. सुमारे २५० माणसांत एकाला तो असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. ते बनवणाऱ्या एलडीएलआर या जनुकाची एक प्रत सदोष असली की ग्राहक कमी पडतात आणि एलडीएल जन्मापासून रक्तात साचत राहतं. क्वचित एपीओबी किंवा पीसीएसके९ या जनुकांमुळेही हेच घडतं. आई किंवा वडिलांना हा विकार असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के, मग मुलगा असो वा मुलगी. उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना पन्नाशीच्या आत आणि स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीच्या आत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार गाठतो. मात्र वेळेवर कळलं तर यावर चांगले उपचार आहेत, म्हणूनच एवढ्या तातडीनं लिहितो आहोत.

तेव्हा येत्या आठवड्यात नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या. शक्यतो रात्रभराच्या उपवासानंतर करा, कारण ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं तर प्रचलित सूत्रानं काढलेला एलडीएलचा आकडा भरवशाचा राहत नाही. त्याच रक्तात लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच चरबी वाहणारा कण मोजून मागा. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं, वेगळं सांगावं लागतं. ते जवळजवळ सगळं जनुकांवर ठरतं, आहार-व्यायामानं फारसं हलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. डेसीलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला समजतात. काही प्रयोगशाळा ते नॅनोमोलमध्ये देतात, तिथे मर्यादा १२५ धरतात. दोन्ही एककांची गल्लत करू नका. सोबत थायरॉइडची टीएसएच, लघवीतलं प्रोटीन आणि मधुमेहासाठीची एचबीए१सीही करा. थायरॉइड मंदावला किंवा मूत्रपिंडातून प्रोटीन जाऊ लागलं तरी एलडीएल चढतं, आणि मग भलत्याच गोष्टीचा दोष घराण्यावर येतो.

औषध चालू नसताना एलडीएल १९०च्या वर आलं तर डॉक्टरांसमोर या विकाराचं पूर्ण नाव घ्या आणि वडील-भावाची वयं सांगा. जनुकांची तपासणी करायचीच झाली तर ती तुमच्यापासून नव्हे, भावापासून सुरू करायची. आजारी माणसात विशिष्ट बदल सापडला की बाकीच्यांमध्ये तेवढाच शोधायचा असतो. तो नसल्याचं कळलं तर त्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो. उलट आधी निरोगी माणसाची तपासणी केली आणि काहीच सापडलं नाही, तर त्यावरून निश्चित काही सांगता येत नाही. भावाचे जुने कागदही धुंडाळा. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू झाल्यावरचं एलडीएल उपयोगाचं नाही. झटक्यानंतर दोन-तीन दिवसांनी मोजलेलंही नाही, कारण झटक्यानंतर एलडीएल काही आठवडे खाली जातं. झटक्याच्या आधीचा एखादा जुना रिपोर्ट मिळाला तर तो फार मोलाचा. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीज टेंडन, भावाची नेहमीपेक्षा जाड किंवा गाठाळ लागते का, तेही डॉक्टरांना पाहायला सांगा.

एलडीएल १२०-१३०च्या आसपास निघालं, तर हा एका जनुकाचा विकार तुम्हाला असण्याची शक्यता फार कमी. पण तेवढ्यावरून धोका संपला असं नाही. मग उरतात शेकडो-हजारो जनुकीय बदलांचे बारीकबारीक परिणाम आणि जगण्याची परिस्थिती. हे संशोधन नेमकं तिथेच काम करतं.

"रक्तातला की परिस्थितीचा" हा प्रश्न साहजिक आहे. पण एका घरातली माणसं जनुकांबरोबर आणखीही बरंच वाटून घेतात: छप्पर, हवा, जेवणाच्या वेळा, झोप, काळज्या, तंबाखूची सवय, डॉक्टरकडे किती लवकर जायचं याची रीत. त्यामुळे आजार घराण्यात आहे एवढ्यावरून तो जनुकांत आहे असं म्हणता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करायचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कागदावर काढलेली तीन पिढ्यांची वंशावळ. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी असेल तर आकृती भरायची, हयात नसेल तर तिच्यावर तिरकी रेघ. शेजारी आजार, तो झाला तेव्हाचं वय, मृत्यूचं वय आणि कारण. त्याखाली आणखी एक ओळ, जी बहुतेक जण लिहीतच नाहीत: हा माणूस काय काम करायचा, कुठे राहायचा, तंबाखू होती का. "अचानक गेले" हे कारण नव्हे. काकांच्या बाबतीत विचारा: आदल्या दिवसांत छातीत किंवा जबड्यात दुखत होतं का, दम लागत होता का, मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलं आहे.

या कागदावर लग्न होऊन घरात आलेली माणसंही हवीत. सुना आणि जावई एकाच छपराखाली राहतात, पण त्यांची जनुकं वेगळी असतात. काकूलाही पन्नाशीत हृदयरोग झाला असेल तर घराकडे, कामाकडे, धुराकडे बघायला हवं. उलट, तरुणपणीच दूर गेलेला, वेगळं काम करणारा, तंबाखूला न शिवलेला चुलतभाऊ पंचेचाळिशीत आजारी पडला असेल तर संशय जनुकांकडे झुकतो. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, शोध कोणत्या दिशेनं घ्यावा एवढं कळतं. सख्ख्या भावंडांशी आपली सरासरी ५० टक्के जनुकं जुळतात, काका-मामा-आत्या-मावशीशी २५ टक्के, चुलत-मामे-मावस भावंडांशी १२.५ टक्के. नातं जितकं लांबचं, तितका त्या घरातल्या आजाराचा तुमच्यापुरता इशारा फिका.

आता टक्केवारीचं बघू, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासानं २००४ साली दाखवलं की धूम्रपान, रक्तातल्या चरबीचं प्रमाण, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या, व्यायाम आणि मद्य असे नऊ घटक मिळून पहिल्या झटक्याचा पुरुषांमधला ९० टक्के आणि स्त्रियांमधला ९४ टक्के धोका उलगडतात. मग जनुकांच्या वाट्याला दहाच टक्के उरले का? नाही. कारणांच्या टक्क्यांची बेरीज शंभर व्हावी असा नियमच नाही. फेनिलकीटोन्युरिया हा आजार बघा. जनुक सदोष नसेल तर तो होत नाही, म्हणजे तो शंभर टक्के जनुकीय. पण जन्मल्यावर लगेच ओळखून बाळाच्या आहारातलं फेनिलॲलनिन काटेकोर मोजून दिलं तर मेंदूला होणारी गंभीर इजा टळते, म्हणजे ती इजा शंभर टक्के आहाराचीही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. तुमच्या घरातल्या आजाराचंही असंच असू शकतं, आणि त्यात कुठलाही विरोधाभास नाही.

"हृदयरोग इतके टक्के आनुवंशिक" असा आकडा कुठे वाचलात तर तो तुमच्याबद्दल नाही, एका समाजाबद्दल आहे, तोही एका काळापुरता. ब्रिटनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली मांडलेला विचार आम्हाला आजही सर्वांत स्वच्छ वाटतो: सगळेच जण रोज वीस सिगारेटी ओढत असते, तर फुप्फुसाचा कर्करोग आनुवंशिक आजार वाटला असता. धूर सगळ्यांच्याच वाट्याला सारखा आल्यावर कुणाला आजार होतो आणि कुणाला नाही हा फरक फक्त जनुकांमधून दिसला असता, आणि खरं कारण कुणाच्या डोळ्यांना दिसलंच नसतं.

तुमच्या कर्जाचा आणि मिळकतीचा प्रश्न इथून सुरू होतो.

लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला, व्हाइटहॉल नावानं तो ओळखला जातो. सगळे नोकरदार, सगळे कचेरीत बसणारे, उपाशी कुणीच नाही. तरी साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या साधारण तिप्पट होता. आणि घसरण पायरीपायरीनं होती, दुसऱ्या क्रमांकाचा हुद्दा पहिल्याहून वाईट, तिसरा दुसऱ्याहून. धूम्रपान, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात घेतलं तरी हृदयरोगातल्या या दरीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उलगडला. हुद्दा जनुकांत लिहिलेला नसतो. म्हणजे परिस्थिती शरीरात शिरते, आणि तिच्या वाटा मोजता येतात: कामावरचा ताबा, झोपेचे तास, साचत जाणारा ताण, औषध संपल्यावर पुन्हा आणायला लागणारे दिवस, तपासणीसाठी बुडणारा रोज.

परिस्थिती जनुकांवर खुणाही ठेवते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर नावाच्या जनुकावरचं मेथिलीकरण कमी झालेलं दिसतं आणि सिगारेट सोडल्यावर ते हळूहळू पूर्वपदाकडे येऊ लागतं. जनुकाची अक्षरं तीच राहतात, त्यांच्यावरची रासायनिक खूण बदलते. मात्र "आजोबांचे हाल नातवाच्या जनुकांत उतरले" अशा थाटाचे मथळे वाचाल तर थांबा. माणसांमध्ये हे एवढ्या ठामपणे दाखवता आलेलं नाही.

प्रश्नावली इतकी खोलात का जाते याचं आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं. तुमच्या रक्तातून लाखो जनुकीय स्थानं वाचली जातील आणि ती ९९ टक्क्यांहून अधिक अचूक असतील. तुमची परिस्थिती मात्र एकदाच विचारली जाईल, मिळकतीच्या पाच-सहा चौकटींत. दोन कारणं एकमेकांत गुंतलेली असतील आणि एक अचूक, दुसरं ढोबळ मोजलं असेल, तर गणित अचूक मोजलेल्याच्या पदरात जास्त श्रेय टाकतं. त्यात कुणाची लबाडी नसते, गणिताचा तो स्वभावच आहे. समजा एका वस्तीतल्या लोकांमध्ये एखादा निरुपद्रवी जनुकीय बदल जास्त आढळतो आणि ती वस्ती मोठ्या रस्त्याच्या धुरात आहे. धूर मोजलाच नाही तर आजाराचं खापर त्या निरुपद्रवी बदलावर फुटतं. पुढे त्या वस्तीतल्या मुलांना सांगितलं जातं की तुमच्यात उपजतच खोट आहे, आणि धूर तसाच राहतो. तुमच्या रात्रपाळीची, कर्जाची, लहानपणच्या घराची खरी नोंद ही अशा चुकीविरुद्धची तटबंदी आहे. तुम्हाला जे रकाने आगाऊ वाटले, त्यांच्याशिवाय रक्ताचा निष्कर्ष वाकडा निघू शकतो.

म्हणून रकाने भरायचेच झाले तर खरं भरा, नाहीतर "सांगायचं नाही" हा पर्याय निवडा. दोन्ही चालतं. कोऱ्या जागेचं काय करायचं याच्या पद्धती संख्याशास्त्रात आहेत, पण रेटून दिलेला खोटा आकडा ओळखायची खात्रीची रीत नाही. मिळकत विचारली असेल तर ती तुमची एकटीची की घराची, करापूर्वीची की हातात पडणारी, ते आधी विचारून घ्या. एकच आकडा चौघांत वाटला जातो की आठ जणांत, यानं अर्थ बदलतो, म्हणून माणसांची संख्या विचारतात. रात्रपाळीचं उत्तर नुसतं "होय" असं देऊ नका. किती वर्षं, आठवड्यात किती, सलग की आलटून-पालटून, मध्ये खंड कधी पडला, हे रकान्यात मावत नसेल तर समासात लिहा. औषधांची नावं आठवणीवर सोडू नका, वेष्टनं सोबत घेऊन जा. आईला विचारण्यासारख्या गोष्टी, म्हणजे जन्माच्या वेळचं तुमचं वजन, ती गरोदर असताना तिचं बीपी किंवा साखर वाढली होती का, हे घरी विचारून मगच भरा. प्रश्नावली एका बैठकीत संपवायची सक्ती बहुधा नसते, आणि थकल्यावर भरलेली शेवटची पानं सर्वांत कच्ची असतात.

आता संमतीपत्र. १४ पानं तिथल्या तिथे वाचून सही करू नका, घरी न्या. तो तुमचा हक्क आहे आणि चांगले संशोधक तसं स्वतःहून सुचवतात. काही जागांवर पेन्सिलनं खूण करत वाचा. नमुना फक्त याच अभ्यासासाठी वापरणार की पुढच्या कुठल्याही संशोधनासाठी? दुसरं असेल तर त्याला व्यापक संमती म्हणतात, आणि तिच्यासाठी वेगळी चौकट, वेगळी सही असावी. माहिती खासगी कंपन्यांना किंवा परदेशी संस्थांना जाणार का? तुमच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणार असतील तर नाव आणि क्रमांक जोडणारी यादी कुणाकडे, कुठे राहील? "पूर्णपणे अनामिक" असे शब्द दिसले तर प्रश्न विचारा. २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिलं होतं की नाव काढून टाकलेल्या जनुकीय माहितीवरूनही, सार्वजनिक वंशावळींच्या मदतीनं, काही माणसांचं आडनाव शोधता येतं. यादी कुलूपबंद आहे, वापरणाऱ्यांवर करार आहे, असं प्रामाणिक उत्तर चालेल. "कुणालाच कधीच कळणार नाही" हे चालणार नाही.

मध्येच बाहेर पडायचं असेल तर काय, हेही वाचा. बहुतेक ठिकाणी उरलेलं रक्त नष्ट करता येतं, पण तोवरच्या विश्लेषणात मिसळलेली माहिती परत निघत नाही. विम्याबद्दल थेट विचारा: तुमच्या देशात विमा कंपनी जनुकीय तपासणीचा निकाल मागू शकते का? नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि आयुर्विम्याला आरोग्यविम्याइतकं संरक्षण सगळीकडे नसतं. नात्यांचाही विचार करा. भावंडांचे नमुने शेजारी ठेवल्यावर रक्ताचं नातं अपेक्षेपेक्षा वेगळं निघू शकतं. ते कळवणार की नाही, हे आधीच लिहिलेलं असावं. शेवटच्या पानांवर नीतिसमितीचा, म्हणजे संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. तो नसेल तर सही करू नका.

सर्वांत महत्त्वाचं कलम म्हणजे निकाल परत मिळणार का. काही अभ्यास काहीच कळवत नाहीत. काही अभ्यास, ज्यावर उपचार आहे असा गंभीर दोष सापडला तरच कळवतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली अशा ५६ जनुकांची यादी काढली, ती पुढे वाढत गेली, आणि वर सांगितलेली कोलेस्टेरॉलची तिन्ही जनुकं त्यात पहिल्यापासून आहेत. तुम्ही हो म्हणालात तर चांगलं, पण दोन गोष्टी धरून चाला. संशोधनाच्या प्रयोगशाळेतला निकाल उपचारासाठी वापरण्याआधी मान्यताप्राप्त तपासणी प्रयोगशाळेत, नव्या नमुन्यावर, पुन्हा करून घ्यावा लागतो. आणि काही कळवलं गेलं नाही याचा अर्थ "सगळं ठीक" असा नव्हे. कदाचित तुमचा नमुना अजून वाचलाच गेला नसेल. कधी निकालात "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असं येतं. त्याच्या जोरावर औषध सुरू करायचं नाही, बंदही करायचं नाही.

झटका येणार की नाही, हे यातून कळणार नाही. फार तर बहुजनुकीय धोक्याचा एक गुणांक मिळेल. हजारो, कधी लाखो स्थानांवरच्या बारीक परिणामांची ती भारित बेरीज असते. "तुम्ही ९०व्या शतमानात आहात" याचा अर्थ ९० टक्के शक्यता असा नसतो. शंभर जणांना रांगेत उभं केलं तर नव्वद जण तुमच्या मागे, एवढाच. समजा तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्या स्त्रीला पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता १ टक्का आहे आणि गुणांकानं ती दुप्पट झाली, तर झाली २ टक्के. "दुप्पट" ऐकून पोटात गोळा येतो, म्हणून मूळ आकडा आधी विचारायचा.

शिवाय हा गुणांक कुणाच्या रक्तावर बेतलेला आहे हेही विचारा. २०१९ साली झालेल्या मोजदादीत अशा जनुकीय अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण १६ टक्के असताना. इतर वंशांच्या लोकांमध्ये तोच गुणांक कमी अचूक ठरतो. पुढे असंही दिसलं की एकाच वंशाच्या लोकांतही वय, लिंग आणि आर्थिक स्थितीनुसार त्याची अचूकता बदलते. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य आणि जनुकीय माहितीच्या साठ्यात ४० ते ६९ वयाचे पाच लाख लोक आहेत, पण ज्यांना बोलावलं त्यांच्यातले फक्त ५.५ टक्के आले, आणि जे आले ते सरासरीपेक्षा निरोगी आणि सुस्थितीतले होते. रात्रपाळी करणाऱ्या, सुट्टी काढली की पैसे कापले जाणाऱ्या बायका अशा अभ्यासांत फार कमी असतात. तुम्ही भाग घ्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं ते यासाठी. त्याचा तुम्हाला थेट फायदा होईल, असं मात्र आम्ही सांगणार नाही. संशोधनातला सहभाग म्हणजे उपचार नव्हे.

गुणांक वाईट निघाला तर? २०१६ साली ५५,६८५ लोकांच्या माहितीवर हेच तपासलं गेलं. जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्या एक पंचमांश लोकांना हृदयाचा आजार होण्याची शक्यता सर्वांत कमी धोक्याच्या पंचमांशापेक्षा ९१ टक्क्यांनी जास्त होती. पण याच जास्त धोक्याच्या गटात ज्यांनी चारपैकी किमान तीन गोष्टी सांभाळल्या, म्हणजे धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि बरा आहार, त्यांचा धोका जास्तीत जास्त एकच गोष्ट सांभाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होता. एका गटात दहा वर्षांतलं प्रमाण १०.७ टक्क्यांवरून ५.१वर आलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय सवयींचं असं म्हणता येणार नाही. मधुमेहाच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष प्रयोग झाला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांमध्ये वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, आणि टीसीएफ७एल२ या जनुकाचा धोकादायक प्रकार असलेल्यांनाही त्याचा लाभ झाला.

या "सवयी" मोकळ्या हातानं निवडता येतात असं आम्ही मानत नाही. चालायला वेळ आणि सुरक्षित रस्ता लागतो, झोपायला रात्र लागते. तुमच्या वडिलांनी किंवा भावानं निष्काळजीपणा केला असाही अर्थ कुणी काढू नये. तुमच्या हातातली गोष्ट कदाचित रात्रपाळी ही असेल. २०१२ साली ३४ अभ्यासांतल्या २० लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केल्यावर पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत झटक्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी जास्त दिसलं. घराण्याचा इतिहास आणि एलडीएलचा रिपोर्ट घेऊन कामावरच्या डॉक्टरांना किंवा वरिष्ठांना भेटा आणि रात्री कमी करून मागा. पाळ्या सोडणं शक्य नसेल तर निदान आठवड्यात दोन-तीनदा दिवस-रात्र उलटंपालटं होणार नाही अशी मागणी करा. बीपी एकदा "नॉर्मल" आलं असेल तरी सात दिवस घरी मोजा: पाच मिनिटं बसून, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, एका मिनिटाच्या अंतरानं. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. रात्रपाळीहून आल्या आल्या मोजू नका, झोप झाल्यावर मोजा.

डॉक्टरांनी स्टॅटिन सुचवलं आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर ते आधी सांगा. गरोदरपणात ही औषधं सहसा बंद ठेवतात, आणि त्याची आखणी आधीच करावी लागते.

घरपोच लाळेच्या नमुन्यावर मिळणारे जनुकीय रिपोर्ट मागवायचा मोह झाला तर या प्रश्नासाठी पैसे घालवू नका. त्यांच्या कच्च्या माहितीत दाखवलेले दोष प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्यावर अनेकदा खोटे ठरले आहेत.

आणि भावाला मुलं असतील तर त्यांचं कोलेस्टेरॉल दहाव्या वर्षापर्यंत एकदा मोजलेलं असावं, भावाचं जुनं एलडीएल १९०च्या वर निघालं तर त्याहीआधी. ही तपासणी बालरोगतज्ज्ञांकडे साध्या रक्तावर होते. तिला ना जनुकांची चाचणी लागते, ना या संशोधनाची परवानगी.